आकडा २५ अंशांचा, खोली मुंबईची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बिटकॉइन मायनिंगच्या (आकडेमोडीचं कोडं सोडवून बक्षीस म्हणून बिटकॉइन हे आभासी चलन मिळवण्याच्या) नव्या मशिनांची तुलना करणारा तक्ता आला होता. तक्ता चुकीचा होता असं माझं म्हणणं नाही. कंपन्यांनी जाहीर केलेले आकडे त्यात नीट उतरवलेले होते. पण त्याच आठवड्यात दुकानात दोघं-तिघं तो कागद घडी घालून घेऊन आले. एक जण तर म्हणाला, "ताई, पेपरातच दिलंय, नवीन मशीन घेतलं की लाइट बिल पाचपटीनं कमी." असं कुठेही छापलेलं नव्हतं, तरी वाचणाऱ्याला तसंच वाटलं. म्हणून हे पत्र.

मी लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत एका गाळ्यात सर्किट बोर्ड दुरुस्त करते. (रस्त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा.) इन्व्हर्टर एसीची कार्डं, यूपीएस, लिफ्टचे कंट्रोलर ही माझी रोजची भाकरी. गेल्या काही वर्षांत त्यात मायनिंग मशिनांचे हॅशबोर्डही (आकडेमोड करणाऱ्या चिपांचे बोर्ड) यायला लागले. बिटकॉइन चांगलं की वाईट, यावर मला मत द्यायचं नाही. ते देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. माझं बोलणं फक्त मशिनाबद्दल.

आधी तक्त्यातली खरी गोष्ट. या मशिनांची कार्यक्षमता ज्यूल प्रति टेराहॅश अशी मोजतात. एक टेराहॅश म्हणजे एक लाख कोटी आकडेमोडी, आणि तेवढ्या करायला किती वीज जळते तो हा आकडा. जितका कमी तितकं मशीन चांगलं. २०१६ साली आलेलं बिटमेनचं अँटमायनर एस९ सेकंदाला साधारण १३.५ टेराहॅश द्यायचं आणि १,३५० वॉट (एक वॉट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल) खायचं, म्हणजे टेराहॅशमागे १०० ज्यूल. २०२० च्या एस१९ प्रोमध्ये तोच आकडा २९.५ वर आला. २०२३ साली जाहीर झालेलं एस२१ हे २०० टेराहॅश आणि ३,५०० वॉटचं, म्हणजे १७.५ ज्यूल. मायक्रोबीटीचं व्हॉट्समायनर एम६०एस १८.५ च्या घरात. सात-आठ वर्षांत जुन्या आकड्याचा सहावा हिस्सा राहिला. चिप बनवणाऱ्यांचं हे काम अस्सल आहे, भिंगाखाली बघताना मला अजून नवल वाटतं.

पण वीज कंपनीचा मीटर टेराहॅश मोजत नाही, एकूण जळलेली वीज मोजतो. एस९ होतं १,३५० वॉटचं आणि एस२१ आहे ३,५०० वॉटचं. काम पंधरापट वाढलं, त्यामुळे कामामागची वीज कमी झाली. मशिनामागची वीज मात्र अडीचपटीच्या वर गेली. ३,५०० वॉट चोवीस तास म्हणजे दिवसाला ८४ युनिट, महिन्याला २,५०० च्या वर. आमच्या चार माणसांच्या घरात, फ्रिज-पंखे धरून, महिन्याला अडीचशे युनिट जळले तर सासूबाई मीटर तपासायला सांगतात. मुंबईत बेस्ट असो, अदानी, टाटा की आमच्या भांडुपकडे महावितरण, ५०० युनिटांच्या वरचा टप्पा सगळ्यात महाग असतो. सगळे आकार धरून युनिटला ११ रुपये पकडले तर एका मशिनाचं बिल २७-२८ हजार. हा झाला घरगुती मीटरचा हिशेब. घरगुती मीटरवर धंदा चालवला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते. शेजारणीच्या पार्लरला जो नियम, तोच याला.

आता तक्त्यात जे नव्हतं त्याकडे येते. १७.५ ज्यूल हा आकडा कंपनीनं २५ अंश तापमानाला दिलेला असतो. माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. मुंबईत बाहेरच २५ अंश किती रात्री असतात? मे महिन्यात दुपारी ३३-३४ अंश, आणि ज्या खोलीत मशीन चालू आहे तिथे दार लावल्यावर पंधरा मिनिटांत घाम फुटतो. मशीन जी वीज घेतं ती जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते; पंखे ती फक्त मशिनाच्या पोटातून काढून खोलीत टाकतात. चिप तापली की तिच्यातून फुकटची गळती वाढते, म्हणजे तेवढ्याच कामाला आणखी वीज. हद्दीबाहेर तापली की मशीन स्वतःच थांबतं.

मग लोक एसी लावतात. एसीची कार्डं दुरुस्त करते म्हणून हा हिशेब मला तोंडपाठ आहे. एक टनाचा एसी म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकणारं यंत्र. एस२१ बरोबर तेवढीच उष्णता सोडतं. म्हणजे एका मशिनाला एक टनाचा अख्खा एसी, तोही कॉम्प्रेसर बंद न पडता, दिवसरात्र. तो स्वतः किलोवॅटभर वीज घेतो. ३,५०० अधिक १,००० भागिले २००, म्हणजे २२.५ ज्यूल. तक्त्यातलं १७.५ चं मशीन परळच्या किंवा गोरेगावच्या खोलीत २२.५ चं झालं, आणि बिल ३५ हजारांच्या वर गेलं. एसीच्या बाहेरच्या युनिटला समुद्राच्या हवेत जे होतं ते अजून यात धरलेलंच नाही.

कमाईचं फार बोलत नाही, पण तोंडओळख हवी. एप्रिल २०२४ मध्ये प्रत्येक ब्लॉकमागचं (ब्लॉक म्हणजे बिटकॉइन व्यवहारांच्या वहीचं एक पान) बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइनवर आलं. दिवसाला साधारण १४४ ब्लॉक, म्हणजे जगभरच्या सगळ्या मशिनांत मिळून ४५० बिटकॉइन. त्या वर्षी सगळ्या जाळ्याची ताकद सेकंदाला ६०० एक्साहॅशच्या (एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) आसपास होती. त्यात एका एस२१ चा वाटा ३० लाखांत एक. महिन्याचे झाले ०.००४५ बिटकॉइन. ५० लाखांचा भाव धरला तर साडेबावीस हजार रुपये. वर ३५ हजारांचं बिल. भाव चढला तर? चढतो, पण मग जगभर आणखी मशिनं लागतात, आणि दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे दोनेक आठवड्यांनी, गणित तेवढंच अवघड करून ठेवलं जातं. नवीन मशीन सगळ्यांकडेच येतं, मग ते जुनं ठरतं. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून अशा उत्पन्नावर ३० टक्के कर आहे आणि विजेचं बिल त्यातून वजा होत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाला हे त्याच्या सीएनं मशीन घेतल्यावर सांगितलं.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट, म्हणजे भरवसा. तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता. 'वॉरंटी १ वर्ष' एवढं लिहून तो विषय संपवला होता.

या मशिनांत सहसा तीन हॅशबोर्ड असतात. एस९ च्या एका बोर्डावर ६३ चिपा, काही नव्या मशिनांत शंभराच्या वर. त्या एकमेकींना साखळीनं जोडलेल्या असतात. कंट्रोल बोर्डाकडून सिग्नल पहिल्या चिपेत शिरतो, ती तो दुसरीला देते, दुसरी तिसरीला. मधली एक चिप मेली, किंवा तिच्या पायाखालचा सोल्डर (जोडणीचा धातू) केसभर तडकला, की तिच्या पुढच्या सगळ्या चिपा धडधाकट असूनही दिसेनाशा होतात. मशीन मग तो पूर्ण बोर्डच सोडून देतं. शंभरातली एक गेली की एक तृतीयांश मशीन गेलं. टीव्हीच्या पडद्यावर एक ठिपका मेला तर आपण दुर्लक्ष करतो, तसं इथे चालत नाही. जितक्या चिपा जास्त, तितके तडकायला सांधे जास्त. हा धोका कुठल्याही ज्यूलच्या आकड्यात दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात वर्सोव्याचा एक मुलगा असाच बोर्ड घेऊन आला, चादरीत गुंडाळून, वर ओला रेनकोट. "ताई, तीनपैकी दोनच दिसतायत." मशीन नामांकित, वॉरंटी नुकतीच संपलेली. अशा वेळी मी आधी वास घेते. जळका नव्हता, दमट, मिठागराजवळून लोकल जाताना येतो तसा होता. मग मल्टिमीटर. प्रत्येक चिपेजवळ टेस्ट पॉइंट असतात. पहिल्यापासून सुरुवात केली तर दिवस जातो, म्हणून बोर्डाच्या मधोमध टोक टेकवायचं. तिथे सिग्नलचा व्होल्टेज आहे? मग दोष पुढच्या अर्ध्यात. नाही? मग मागच्या. निम्मं, त्याचं निम्मं करत पाच-सात ठिकाणी टोक टेकवलं की नेमकी चिप सापडते. त्याच्या बोर्डावर चिप चांगली होती. तिच्या शेजारच्या इवल्याशा रेझिस्टरचं टोक हिरवं पडून निखळलं होतं. बाळाच्या नखाच्या टोकाएवढाही नसतो तो. पोटातल्या पंख्यांनी खिडकीतून समुद्राची हवा आत ओढली, धूळ बसली, धुळीत मीठ, मिठात ओल, आणि त्यावर वीज वाहिली. तांब्याला आणखी काय लागतं?

वर्सोवा-वरळीचा बोर्ड आणि नाशिकचा बोर्ड शेजारी ठेवला तर मी पत्ता न विचारता सांगू शकते कुठला कोणाचा. नाशिकच्या बोर्डावर कोरडी माती असते, ब्लोअरनं उडते. आमच्या मुंबईची धूळ चिकटून बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ब्रशनं घासावी लागते, आणि खाली काय निघेल याचा भरवसा नाही. माहितीपत्रकात '१० ते ९० टक्के आर्द्रता चालेल, पाणी साचता कामा नये' अशा अर्थाची ओळ असते. जुलैत एसीच्या गार खोलीचं दार उघडलं की काय साचतं, ते चष्मा घालणाऱ्या कोणालाही विचारा.

दुसरा शत्रू आपणच. बिल बघून लोक मशीन दिवसा बंद ठेवतात आणि रात्री लावतात. वाटतं, तेवढाच आराम मिळेल त्याला. पण चिप तापते तेव्हा फुगते, थंड होते तेव्हा आकसते, आणि खालचा बोर्ड त्याच मापानं फुगत-आकसत नाही. ताण येतो तो मधल्या सोल्डरवर. सलग चालणारं मशीन वर्षात मोजक्या वेळा थंड होतं, हे रोज होतं. २०१९ च्या सुमारास आलेल्या एका मालिकेत चिपांवरचे हीटसिंकच (उष्णता ओढून घेणारे धातूचे तुकडे) सुटून पडायचे, अशी तक्रार जगभर झाली होती. कागदावर ती मशिनं आधीच्यापेक्षा कितीतरी कार्यक्षम होती. सुटलेला हीटसिंक शेजारच्या दोन चिपांवर आडवा पडला की शॉर्ट, मग साखळीच संपली. म्हणूनच म्हणते, नव्या मालिकेचं पहिलं वर्ष दुसऱ्यानं काढू द्यावं.

वीज जाण्याचा त्रास मुंबईत तसा कमी, हे आपलं भाग्य. १२ ऑक्टोबर २०२० ला सगळी मुंबई बंद पडली होती तसं क्वचित होतं. पण घरातलं वायरिंग? ३,५०० वॉट म्हणजे १५ अँपिअरच्या वर, सलग. गिझरचं १६ अँपिअरचं सॉकेट दहा मिनिटांसाठी ठीक असतं. दिवसरात्र एवढा करंट गेला की आधी सॉकेटचा पांढरा रंग पिवळा होतो, मग पिन गच्च बसेनाशी होते, मग ठिणगी. मशिनाच्या पॉवर सप्लायला तोच ढिला सांधा सगळ्यात आधी मारतो, आणि दोष मशिनाला लागतो. आवाजाचं एका ओळीत सांगते: या मशिनांचा आवाज ७५ डेसिबलच्या आसपास असतो, आणि रहिवासी भागात रात्रीची कायद्यानं मर्यादा ४५ आहे. सोसायटीची सभा कशावर रंगेल ते कळलं असेल.

दुरुस्तीचंही बोलायला हवं. एस९ चा बोर्ड साधा फायबरचा. हॉट एअर लावला की चिप उचलता यायची. काही नव्या मशिनांत बोर्डाची पाठच ॲल्युमिनियमची असते. उष्णता पसरायला झकास, म्हणजे चालताना भरवशाचं. पण बिघडल्यावर मी वरून जितकी उष्णता देते तितकी ती पाठ ओढून नेते. खालून अख्खा बोर्ड तापवल्याशिवाय एकही चिप हलत नाही, आणि तापवताना शेजारच्या चार सुटतात. वाईट बनवलंय असं नाही. बनवणाऱ्यानं दुरुस्तीवाल्याचा विचार केला नाही, एवढंच. वॉरंटीत पाठवायचं तर बोर्ड परदेशी जाणार, जाता-येता कुरिअर, येताना कस्टम्सचे कागद, आणि तेवढे दिवस मशीन दोन पायांवर. गणित दर पंधरवड्याला अवघड होत असतं, ते आपल्या बोर्डासाठी थांबत नाही.

मग मुंबईत कोणी हे करूच नये का? हौस म्हणून करायचं तर माझा एक सल्ला असतो, आणि तो गिऱ्हाइकांना पटत नाही: मशीन हळू चालवा. चिपेला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज १० टक्के उतरवला तर प्रत्येक हॅशमागची वीज जवळपास १९ टक्क्यांनी उतरते. वेग कमी होतो, पण ज्यूलचा आकडा सुधारतो, बोर्ड थंड राहतो, पंखे मंदावतात, धूळ कमी ओढली जाते. काही मशिनांत कंपनीनंच कमी विजेचा मोड दिलेला असतो, तोच वापरावा. बाहेरचं फर्मवेअर (मशीन चालवणारा प्रोग्राम) टाकलं की वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. तीन-चार वर्षं जुनं मशीन असं हळू चालवून आजही टिकवलेले लोक मला माहीत आहेत. नवीन मशीन पूर्ण वेगानं पळवणारे माझ्याकडे जास्त येतात.

मोठ्या प्रमाणावर करणारे तर जागाच अशी निवडतात की एसीचा प्रश्न येत नाही. भूतान सरकारच्या गुंतवणूक कंपनीनं जलविद्युतवर मायनिंग केलं आहे. डोंगरातली थंड हवा, पावसाळ्यात नद्यांना उधाण आणि वीज शिल्लक. (हिवाळ्यात नद्या आटल्या की तोच देश आपल्याकडून वीज घेतो, हा भाग वेगळा.) पाण्यानं थंड होणारी मशिनं निघाली आहेत, बोर्ड तेलात बुडवून चालवायचीही सोय आहे. तेलात ना धूळ, ना मीठ, ना पंखा. आमच्या हवेला तेच सगळ्यात शोभेल, पण टाकी, पंप, रेडिएटर आणि तेल यांचा खर्च दीड खोलीच्या घरात कोण करणार?

तेव्हा संपादक महोदय, पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा ज्यूलच्या आकड्याशेजारी तो किती अंशांना मोजलाय ते छापा. आणि मालिका बाजारात येऊन किती दिवस झाले, बोर्ड इथे दुरुस्त होतो की बाहेर पाठवावा लागतो, हेही विचारून घ्या. विकणारे सांगत नाहीत; पत्रकारानं विचारलं तर कदाचित सांगतील.

जाता जाता जुन्या मशिनांविषयी, कारण २०२४ च्या एप्रिलनंतर बाहेरच्या मायनिंग फार्मांवरून (शेकडो मशिनं एकत्र चालवणाऱ्या जागांवरून) उतरवलेली मशिनं स्वस्तात फिरतायत आणि आपल्या वाचकांपैकी कोणी ती बघायला जाईलच. तिन्ही बोर्डांचे सिरियल नंबर बघा. वेगवेगळ्या घरचे दिसले तर तीन मेलेल्या मशिनांतून एक उभं केलेलं असू शकतं. पंख्याच्या कनेक्टरला आणि डेटा केबलच्या टोकांना टॉर्च मारून हिरवेपणा शोधा. मशीन लावून लॉग (मशिनाची स्वतःची नोंद) उघडा, प्रत्येक बोर्डावर चिपा पूर्ण दिसतात का ते मोजा, आणि मग ते चालू ठेवून शेजारी चहा पिऊन या. तापल्यावर तडकलेला सांधा सुटतो, थंड मशीन सगळं ठीकच दाखवतं. निदान तीन-चार तास, तेही दुपारी, एसी बंद करून. विकणारा "पाच मिनिटं लावून दाखवतो, पुरे आहे की" म्हणाला तर पैसे न देता परत या.

गिऱ्हाइकं ओळखतील, म्हणून नाव छापू नये ही विनंती.

आपली,
लॅमिंग्टन रोडवरची एक बोर्ड दुरुस्तीवाली
(मु. भांडुप, मुंबई)